समोरची रांग

आबा, तुमच्या जाण्याची बातमी आमच्या दैनिकात आतल्या पानावर आली. ती मीच लिहिली. नाव, गाव, मागे कोण कोण आहे, आणि दुष्काळात दोन वाड्यांची गुरांची छावणी चालवली, एवढं. चार ओळी. त्यांत चूक एकही नाही आणि तुम्हीही नाही.

वृत्तसंपादकांनी विचारलं होतं, ‘माजी सरपंच असं लिहू या का?’ मी नको म्हणालो. शेवटची निवडणूक तुम्ही हरला होतात आणि ती हार सांगायचा हक्क तुम्ही दुसऱ्या कोणाला दिला नव्हता. ती गोष्ट तुम्हीच सांगायची, फेटा सावरून, समोरच्याला बसायला लावून. ‘आमच्याच वाडीनं आमाला पाडलं. परक्यानं पाडलं असतं तर लागलं असतं.’ हे वाक्य चार ओळींत बसत नाही.

म्हणून हे वेगळं लिहितो आहे. तुम्हाला उद्देशून, कारण आपला एक वाद अर्धा राहिला आहे, आणि परवा पोळ्याच्या दिवशी तुमच्या वाडीत जे घडलं ते तुम्हाला कळवायचं राहिलं आहे.

गेल्या थंडीत मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो. भिंगार मागे टाकून एस.टी. पाथर्डी रस्त्याला लागली, मी फाट्यावर उतरलो आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालत चिंचांच्या बनापर्यंत आलो. तिथे वरच्या वाडीची शीव संपते आणि खालच्या वाडीची सुरू होते. बनातली विहीर अजून पाणी देत होती, म्हणून दोन्ही वाड्यांनी मिळून तिथे छावणी मांडली होती. जनावरांच्या दोन लांब रांगा, समोरासमोर, मध्ये माणसांना जायला बोळ. एक रांग वरच्या वाडीची, एक खालच्या वाडीची.

शेणाची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईंना मी विचारलं, इथले प्रमुख कोण. त्या पारूबाई होत्या, खालच्या वाडीच्या, घरात एकट्या, एका म्हशीच्या मालकीण. त्यांनी हनुवटीनं दाखवलं.

‘त्ये काय. ढिगावर उभं राहून शिव्या खातंय, त्येच.’

ढीग वाढ्यांचा होता. कोपरगावकडे ऊस तुटला की वरचे हिरवे शेंडे उरतात, ते ट्रकनं यायचे, फाट्यावर उतरायचे आणि तिथून डोक्यावरून बनात आणले जायचे. त्या सकाळच्या मालातले निम्मे वाढे वाटेतच वाळले होते. खालच्या वाडीची माणसं ढिगाभोवती जमली होती आणि सगळ्यांच्या पुढे भागाजी होता, उंच, बाह्या वर सरकवलेला.

‘हिरवं समदं तुमच्या रांगंला आन वाळल्यालं आमच्या. आमच्या जनावरांनी तुमचं काय घोडं मारलं?’

‘तुज्या मोऱ्याचं पोट बघ आन मग बोल,’ तुम्ही वरून म्हणालात.

‘पोट बघूनच बोलतोय.’

‘मग आमचा हरण्या बघ. बरगड्या मोजून घे त्याच्या.’

‘मोजायला यिऊ का तुमच्या रांगंत? यितो. आत्ता यितो.’

‘ये की. म्या तर म्हनतो रोजच ये. उद्यापासनं आमच्या जनावरांना तुमी घाला, तुमच्यांना आमी घालतो. उपाशी मारायचं तर एकमेकांची मारू, म्हंजी तंटाच न्हाई.’

 मग पारूबाईंनी पाटी खाली ठेवली. ‘घाला की. माज्या म्हशीला कोन घालतंय त्ये तर कळू द्या.’

माणसं हसली. हसली म्हणून ते ठरून गेलं. आपल्या जनावराला आपण चारा घालायचा नाही. कोणाची जनावरं कोणाकडे, तेही तुम्ही तिथल्या तिथे सांगून टाकलंत: जो ज्याच्यावर जास्त ओरडतो, त्याची त्याच्याकडे. त्या हिशेबानं भागाजीचा बैल मोऱ्या तुमच्याकडे आला आणि तुमचे बैल हरण्या-गुलब्या भागाजीकडे गेले.

पुढे तुम्ही नेहमी म्हणायचात की हे तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. मी म्हणायचो, नाही, तुम्ही चिडला होतात, तुमचे कान लाल झाले होते. ‘कान उनानं लाल हुते,’ तुम्ही म्हणायचात. त्या सकाळी ढग होते. टिपणात तशी नोंद आहे, पण ती तुम्हाला कधी दाखवली नाही. दाखवली असती तरी तुम्ही ढगाला खोटं पाडलं असतं.

त्या छावणीत काय पणाला लागलं होतं ते इथे साधेपणानं सांगतो, कारण शहरात हे वाचणाऱ्यांना ते कळायला हवं. छावणी मोडली असती तर जनावरं बाजारात न्यावी लागली असती, आणि त्या दिवसांत बाजारात बैलाला गिऱ्हाईक एकच होतं, ते बैल औताला जुंपण्यासाठी घेत नव्हतं. पाऊस आला असता आणि दोन्ही वाड्यांत पेरायला बैल नसते. हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही वाळक्या वाढ्यांवरून छावणी मोडण्याच्या बेतात होती. जगण्याचा प्रश्न मोठा असला म्हणून माणसं लहान भांडण सोडत नाहीत, हे मी इतरत्रही पाहिलं आहे.

छावणीचे प्रमुख म्हणून तुमची निवड कशी झाली ते पारूबाईंनी सांगितलं. वरच्या वाडीचा माणूस खालच्यांना नको होता आणि खालच्या वाडीचा वरच्यांना. तुम्ही वरच्या वाडीचे, पण वरच्या वाडीनं तुम्हाला नुकतंच पाडलेलं. ‘दोनी गावांना म्या सारकाच नकोसा हुतो,’ तुम्ही त्यावर भर घातलीत. ‘येवढं एकमत आमच्याकडं कदी झालं न्हाई.’

पहिले काही दिवस दोन्ही रांगांत हात आखडता होता. तिकडून पेंढी बारीक पडली की इकडूनही बारीक पडायची. मग काहीतरी बदललं. ते कोणत्या दिवशी बदललं हे सांगता येत नाही; बातमी नेमकी कधी घडली ते न कळण्याचे प्रसंग या धंद्यात येतात. रोज दोन वेळा एखाद्या जनावरासमोर उभं राहिलं आणि त्यानं मान वर करून पाहिलं, की त्याचं गाव कोणतं हे विचारात राहत नसावं. मी नंतर आलो तेव्हा वाटपाच्या वेळी तुम्ही ढिगापाशी हुज्जत घालत होता.

‘मोऱ्याची दाढ गेलीया. त्याला जाड वाढं चावत न्हाई. त्याला कवळं द्या.’

‘आन हरण्याच्या खुराला सूज हाय, त्याला खाली बसून खाता यील असं पायजे,’ पलीकडून भागाजी म्हणाला. ‘मालकाला पत्ता न्हाई, मालक फेटा बांधतोय.’

भांडणं कमी झाली नाहीत, आबा. आवाजही तेवढेच होते. फक्त प्रत्येक जण आता दुसऱ्याच्या जनावरासाठी भांडत होता.

दुसरा नियम नंतर आला. वरच्या रांगेतले एक म्हातारबा चाऱ्याच्या वेळी बोळातून जाताना आपल्या गाईला नावानं हाक मारायचे. गाय खायची थांबायची, मान वळवून हंबरायची, आणि समोर टाकलेला चारा पायाखाली जायचा. खालच्या वाडीचा माणूस, जो तिला घालत होता, तो वैतागून तुमच्याकडे आला. तुम्ही ठरवलंत की चारा पडत असताना मालकानं जनावराच्या दृष्टीला पडायचं नाही आणि हाक मारायची नाही. आडोशाला उभं राहायचं. त्यानंतर चाऱ्याच्या वेळेला बनात जे दृश्य दिसायचं ते छापलं असतं तर कोणाला खरं वाटलं नसतं: मोठमोठे बाप्ये चिंचेच्या खोडांमागे लपलेले, आपलं जनावर खातंय की नाही ते चोरून बघत. तुम्हीही त्यांत होता. तुमचा फेटा खोडाच्या दोन्ही बाजूंनी दिसायचा.

त्यावर आमच्या दैनिकात बातमी आली, फोटोसह. दोन दिवसांनी तुम्ही नगरला कचेरीत हजर झालात. हातात अंक, घडी घातलेला, फोटो वर येईल अशी. वृत्तसंपादकांच्या टेबलावर तुम्ही तो ठेवलात.

‘ह्यात कोन हाय?’

‘बैल आहे,’ वृत्तसंपादक म्हणाले.

‘बैल दिसतोय. म्या कुटं हाय?’

मी सांगितलं की फोटोत तुम्ही होतात, मोऱ्याच्या मानेवर हात ठेवून. पण फोटोचा छपाईचा ब्लॉक एका कॉलमाचा करायचा होता, म्हणून बाजू कापावी लागली.

‘कापायचंच हुतं तर बैल कापायचा. त्याला काय त्याचं?’

‘आबा, बातमी गुरांच्या छावणीची होती.’

‘आन गुरं काय आपली आपन छावनी चालवत हुती?’

कंपोझिटर अक्षरांचे खिळे जुळवायचे थांबून हसत होते. तुम्ही चहा घेतलात, दोन कप, आणि जाताना अंकाच्या आणखी प्रती मागून घेतल्यात. ज्या बातमीत तुम्ही नव्हतात तिच्या. तुम्ही नम्र होता असं कोणी लिहिलं तर ते खोटं ठरेल. तुम्हाला नाव आवडायचं, फोटो आवडायचा, पुढची खुर्ची आवडायची. इतरांच्या कल्पना तुमच्या तोंडून आठवड्याभरात तुमच्या होऊन बाहेर पडायच्या. पण बैठकीत जो गप्प बसला असेल त्याच्याकडे वळून ‘तू काय म्हनतो?’ हे विचारल्याशिवाय तुम्ही उठला नाहीत. मी बरेच नेते जवळून पाहिले आहेत. त्यांच्यात नाव आवडणारे सगळेच असतात. ते विचारणारे मोजके.

आता आपल्या वादाकडे येतो.

उन्हाळ्यात फाट्यावरून वाढे वाहणं अवघड झालं. वाळूतून डोक्यावर भारा घेऊन येताना बायका थकून वाटेत बसायच्या. तुम्ही ठरवलंत की छावणी फाट्याजवळ, रस्त्याला लागून असलेल्या तुमच्या शेतात हलवायची. ट्रक थेट आत येईल, बैलगाडीनं पाणी आणता येईल. हिशेब बरोबर होता. तुम्ही सांगून टाकलंत, वरच्या वाडीच्या पोरांनी खुंट रोवायला सुरुवात केली, दावणी आखल्या गेल्या. मी त्या दिवशी नेमका तिथे होतो.

भागाजी बनात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘आबा, आमी येनार न्हाई.’

‘का? काटं हाईत का माज्या शेतात?’

‘काटं न्हाईत. पन त्ये तुमचं हाय. हितं शिवंवर आमी बी पाव्हनं आन तुमी बी पाव्हनं. तितं आलो तर आमी पाव्हनं आन तुमी घरवालं. मंग पाव्हन्याच्या जनावराला घरवाला काय घालतो, त्ये बघत बसावं लागंल.’

तुमच्या वाडीची माणसं खवळली. एवढं शेत देतोय आणि वर ही भाषा. एक जण म्हणाला, जायचं असलं तर जाऊ द्या त्यांना, आपली रांग आपण नेऊ. तुम्ही खाली बसलात. तंबाखू मळलीत, पण तोंडात टाकली नाहीत. मग उठलात आणि म्हणालात, ‘खुंट उपटा. न्हाई जायाचं.’

वरच्या वाडीतून आवाज आला, ‘आन तुमचा सबूद?’

‘सबूद माजा हाय. म्या दिला, म्या घेतला.’

त्या उन्हाळ्यात शेवटपर्यंत वाढे डोक्यावरून वाहावे लागले. तुम्हीही वाहिलेत, आणि भागाजीला शिव्या देत वाहिलेत. तो मागून भारा घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘आबा, जरा मोठ्यानं द्या, मागं ऐकू यीना.’

त्या दिवशी परतताना फाट्यावरच्या हॉटेलात आपण बसलो. मी म्हणालो की तुम्ही चुकलात. शेताचा निर्णय योग्य होता आणि तो मागे घेतल्यानं पुढच्या निर्णयाला वजन उरणार नाही. दिलेला हुकूम एकदा मागे घेतला की माणसं पुढच्या वेळी पाळायच्या आधी वाट बघतात.

‘हुकूम कसला?’ तुम्ही म्हणालात. ‘म्या शेत देत हुतो. त्यांनी घेतलं न्हाई.’

‘शब्दांत पकडू नका, आबा.’

‘बरं. मंग ऐका. भागाजी माज्या तोंडावर न्हाई म्हनला. त्यो घरी जाऊन म्हनला असता तर सकाळच्याला अर्दी रांग रिकामी दिसली असती. आपल्याला कळलं बी नसतं का गेले.’

मे महिन्याच्या पुरवणीसाठी मला ‘पुढाऱ्याचे गुण’ या विषयावर लेख लिहायला सांगितला होता. तो लिहिला. दूरदृष्टी, निर्णयाचा ठामपणा, वक्तृत्व, निःस्पृहता, असं सगळं त्यात होतं. अंक तुमच्याकडे पोचला. सूनबाईंनी तुम्हाला तो मोठ्यानं वाचून दाखवला, आणि पुढच्या भेटीत तुम्ही आपलं मत दिलंत.

‘लेख चांगला हाय. ह्यात म्या समद्यात नापास.’

‘वक्तृत्वात नाही.’

‘त्यात बी. म्या बोलायला लागलो की पारू शेन भरायला जाती.’ मग म्हणालात, ‘पन त्यात एक गुन न्हाई लिवला तुमी. ज्याला तोंडावर न्हाई म्हनता येतं, त्यो पुडारी. ज्याला म्हनता येत न्हाई त्याला मानसं व्हय म्हनत्यात आन घरी निघून जात्यात.’

मी विचारलं, ‘आणि समोरचा चुकीचं नाही म्हणाला तर? तेव्हाही ऐकायचं?’

तुम्ही म्हणालात, ‘चा गार व्हतोय.’

वाद तिथे थांबला आहे. त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. चहा गार होत नव्हता, आबा, तो नुकताच आला होता. भागाजीचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे आजही सिद्ध करता येत नाही. छावणी शेतात गेली असती तर कदाचित मोडली असती, कदाचित नसती; बायकांच्या डोक्यावरचे भारे मात्र नक्की वाचले असते. मी माझ्या बाजूला अजूनही थोडी जागा राखून ठेवली आहे. तुम्ही असता तर ती जागा तुम्ही बसायला घेतली असती.

पाऊस आला ते सगळ्यांना ठाऊक आहे. छावणी उठली त्या दिवशी भागाजीनं मोऱ्याचं दावं सोडलं आणि ओढ्याकडे चालू लागला. ओढ्याच्या काठाशी मोऱ्या थांबला. मागे वळला आणि तुमच्याकडे बघत उभा राहिला. भागाजीनं ओढलं, चुचकारलं, शेपटी पिळली. बैल हलेना. दोन्ही वाड्यांची माणसं बघत होती आणि भागाजीचा चेहरा उतरत चालला होता. स्वतःचा बैल चारचौघांत दुसऱ्याकडे ओढ घेतो याची लाज त्या माणसाला किती वाटली असेल ते शेतकऱ्यालाच कळावं.

‘आबा,’ तो म्हणाला, ‘आडोशाला व्हा की.’

तुम्ही चिंचेच्या खोडामागे गेलात. या वेळी फेटा काढून हातात घेतलात, दिसू नये म्हणून. मोऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तो पाण्यात उतरला. खुरांचा आवाज पलीकडे जाईपर्यंत तुम्ही बाहेर आला नाहीत. आलात तेव्हा फेट्याच्या टोकानं तोंड पुसत होतात. घाम म्हणावा तर ऊन नव्हतं. याची नोंद टिपणात नाही.

नंतर आपण एकदाच भेटलो. तुमची पेरणी झाली होती, बाजरी हातभर आली होती, आणि तुम्ही ओट्यावर बसून हरण्या-गुलब्यांकडे बघत होता. तुम्ही आनंदात होता. पोळ्याला यायचं, पुरणाचं जेवायचं, असं बजावलंत. ‘आन फोटुवाला आना. ह्या बारीला म्या मदी उभा ऱ्हानार, बैल दोनी कडंला. काय कापायचं त्ये कापा.’

पोळ्याच्या आधीच तुम्ही गेलात.

मी तरीही आलो. बोलावणं तुमचं होतं. घरात सुतक होतं, त्यामुळे पोळा नव्हता. गोठ्यात हरण्या-गुलब्या तसेच उभे होते, अंगावर ना झूल, ना शिंगांना रंग. सगळ्या वाडीत बैल धुऊन-सजवून आणत होते आणि तुमच्या दारापुढून जाताना माणसं आवाज कमी करत होती. तुमचा थोरला मुलगा ओट्यावर बसला होता. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं भागाजी आला. काखेत झुली, हातात शिंगं रंगवायच्या हिंगुळाचं भांडं, खांद्यावर नवे कासरे.

तो थेट गोठ्याकडे वळला. थोरला उठला. ‘भागाजीकाका, आमाला सुतक हाय.’

‘तुमाला हाय,’ भागाजी म्हणाला. ‘बैलांना न्हाई.’

त्यानं दोन्ही बैल विहिरीवर नेले, घासून धुतले, शिंगं रंगवली, झुली चढवल्या. हरण्याच्या खुराला हात लावून पाहिला. सूज उतरली होती. मग त्यांना घेऊन तो मारुतीच्या देवळापुढे आला, जिथे वरच्या वाडीचे बैल मिरवणुकीसाठी रांगेला लागले होते. तिथे सरपंच उभे होते, तुम्हाला हरवणारे. ते पुढे आले.

‘भागाजी, दुसऱ्या गावचा मानूस आपल्या मिरवणुकीत चालत न्हाई. बैल आमच्या पोराकडं दे.’

‘देनार न्हाई,’ भागाजी म्हणाला. ‘रांग माजी हाय.’

‘छावनी उठली की कवाच.’

‘छावनी उठली. रांग मोडा, असं आबांनी कुटं सांगितलं?’

पारूबाईही आल्या होत्या, खालच्या वाडीहून, डोक्यावर पदर घेऊन. त्या काही बोलल्या नाहीत. सरपंच त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, ‘तुमी काय म्हनता, बाई?’

‘म्या काय म्हनू? माज्या म्हशीला तुमीच घालत हुता.’

सरपंचांनी देवळाकडे पाहिलं, मग बैलांकडे. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘न्हाई म्हनलो त्ये मागं घेतो. भागाजी, हो लायनीत.’

आपल्या वादाच्या दृष्टीनं एवढंच नोंदवतो की दिलेला शब्द मागे घेतला गेला आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. वाजंत्री सुरू झाली. मिरवणूक पूर्ण झाली. सरपंचांचं वजन कमी झाल्याचं कुठे दिसलं नाही.

मिरवणुकीनंतर भागाजीनं बैल परत तुमच्या गोठ्यात आणून बांधले. घरून आणलेली पुरणपोळी त्यांना चारली आणि पुढ्यात हिरवा चारा टाकला. तो चारा टाकत होता तेव्हा काकू, तुमच्या पत्नी, आतून दारात आल्या. हरण्यानं त्यांना पाहिलं आणि तोंडातला घास तसाच ठेवून मान वर केली. काकूंचे ओठ हलले, हाक यायच्या बेतात होती. मग त्या थांबल्या, आणि हळूच कवाडाच्या आड झाल्या. हरण्यानं थोडा वेळ दाराकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि खाऊ लागला.

फोटोग्राफर मी आणला नव्हता. आणला असता आणि हा फोटो छापला असता, तर तुम्ही अंकाची घडी घालून पुन्हा कचेरीत आला असता, तो टेबलावर ठेवला असता आणि विचारलं असतं: बैल दिसतोय, म्या कुटं हाय?